प्रसाद बाधत नाही

रामाकोन्याच्या खंजिरी भजन मंडळाची तालीम ऐन रंगात आली असताना, अंतऱ्याच्या सर्वांत उंच स्वरावर, मुख्य गायक यशवंतराव यांना ढेकर आला. स्वर जिथे पोहोचायला हवा होता नेमका तिथे, त्याच दमाने आणि जवळजवळ तेवढ्याच लांबीने ढेकर पोहोचला. ढोलकीवरच्या तुळशीरामचे हात थांबले. टाळकरी एकमेकांकडे पाहू लागले. हसावे की साथ द्यावी, हे कोणालाच ठरवता येईना, कारण ढेकर लयीत होता.

"यशवंतभाऊ, हे नवीन टाकलं काय चालीत?" तुळशीरामने आदराने विचारले.

"चूप बस बे! सकाळपासून पोट गच्च होऊन राहिलं. पुन्ना घ्या, वरून घ्या."

पुन्हा घेतले. त्याच ठिकाणी पुन्हा ढेकर आला. तिसऱ्या वेळी मात्र यशवंतरावांनी खंजिरी खाली ठेवली आणि ओसरीच्या खांबाला टेकून ते घाम पुसू लागले. आतून त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई धावत आल्या.

प्रकरण गंभीर होते. पांढुर्णा जिल्हा होऊन अजून फार वर्षे झाली नव्हती, आणि जिल्ह्याची पहिलीवहिली खंजिरी भजन स्पर्धा पुढच्या आठवड्याच्या शनिवारी पांढुर्ण्यात भरणार होती. तिच्यासाठी पितळेची एक मोठी फिरती ढाल तयार करून घेतली होती. जिंकणाऱ्या मंडळाचे नाव तिच्यावर दरवर्षी कोरले जाणार होते. यशवंतराव ऐन जवानीपासून खंजिरी वाजवत आले होते आणि प्रत्येक स्पर्धेत सौसरच्या मंडळामागे दुसरे येत आले होते. या ढालीचा हिशेब मात्र निराळा होता.

"पह्यलं नाव एकदाच कोरलं जाते," असे ते संत्र्याच्या बागेत, बसस्टँडवर आणि जेवताना सांगत असत. "मंग सौसरवाले शंभर खेपा जिंकू दे. खालीच येतीन ना बाप्पा!"

आता त्या पहिल्या नावाच्या आणि यशवंतरावांच्या मध्ये एक ढेकर उभा होता.

त्याचे मूळ शोधायला फार मागे जावे लागत नव्हते. तुळशीरामच्या शेतातल्या बोअरला पाणी लागले होते, आणि ते लागावे म्हणून त्याने जामसांवलीच्या मारुतीला रोडग्यांचा नवस बोलला होता. मंगळवारी तो फेडला गेला. गव्हाच्या जाड पिठाला आत पदर घालून वळायचे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, मग फोडून तुपात भिजवायचे आणि वांग्याच्या तिखट भाजीबरोबर खायचे, असे या रोडग्याचे स्वरूप असते. एका रोडग्याने सामान्य मनुष्याची भूक भागते. यशवंतरावांनी तुळशीरामच्या आग्रहाखातर पाच खाल्ले होते.

पंचफुलाबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला, ओसरीतूनच जामसांवलीच्या दिशेला तोंड केले आणि हात जोडले.

"मारोतीराया, यायचं पोट सुदं होऊ दे. येत्या शनिवारी तुह्या दारात दोन पायल्यांचे रोडगे देईन!"

जठर हा स्नायूंचा एक पिशवीवजा अवयव असून त्याला नवसाची कल्पना नसते. त्याला वेळ दिला की ते आपले काम उरकते. यशवंतरावांचे पोट शुक्रवारी सकाळी पूर्ववत झाले. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा स्वर असा लागला की रस्त्यावरून जाणारा दुधवाला सायकल थांबवून उभा राहिला. आणि शनिवारी सगळे घर रोडगे करायला जामसांवलीला गेले.

नवसाचे नियम पंचफुलाबाईंच्या सासूने घालून दिलेले होते. ज्याच्या पोटासाठी नवस बोलला, त्याच्या ताटात पाच रोडगे पडले पाहिजेत. ताट रिकामे झाले पाहिजे. ताटात काही उरले, तर नवस फिटला नाही असे समजायचे. यशवंतरावांनी ताट रिकामे केले, वर जामसांवलीच्याच झाडाखाली दीड तास झोप काढली आणि उठल्यावर कडक चहा घेतला.

रविवारच्या तालमीत ढेकर धृपदावरच आला.

*

वैभव हा यशवंतरावांचा जावई. पांढुर्ण्याच्या महाविद्यालयात तो प्राणिशास्त्र शिकवत असे. बायको उर्वशी स्पर्धेच्या तयारीसाठी माहेरी आली होती. तिचा फोन गेला आणि सोमवारी संध्याकाळी तो मोटारसायकलवर रामाकोन्याला दाखल झाला. चहा बाजूला ठेवून त्याने सासऱ्यांची रीतसर तपासणी आरंभली.

"मामाजी, छातीत दुखते? घाम येते? हात भारी पडते?"

"नाई. नुसतं गच्च वाटून राहिलं. अन् ढेकरा."

"वजन कमी झालं? संडास काळी होते?"

"काही नाई जी! तालुक्याच्या डॉक्टरनं बी पाह्यलं. म्हणे अजीर्ण हाय, कमी खा."

"मग कमी खाल्लं?"

"खानार होतो, पन मंग नवसाचा शनिवार आला ना."

वैभवने दीर्घ श्वास घेतला. मग ओसरीत जमलेल्या मंडळींना, म्हणजे सासूबाई, उर्वशी, तुळशीराम आणि दोन टाळकरी यांना, त्याने अजीर्णाची कारणे समजावून सांगितली. भराभर खाल्ले की घासाबरोबर हवाही गिळली जाते आणि तीच ढेकर होऊन परत येते. तूप जास्त झाले की जठर उशिरा रिकामे होते. तिखटाने आतली त्वचा चुरचुरते. जेवून लगेच आडवे झाले की अन्ननलिकेच्या तळाची झडप नीट मिटत नाही आणि आम्ल वर चढते. चहा त्या झडपेला आणखी सैल करतो. शिवाय मनावर ताण असला की सगळेच बिघडते. मंडळी एकाग्रतेने ऐकत होती.

"मामाजी भराभर खाते की नाई?"

"लय भराभर!" पंचफुलाबाई उत्साहाने म्हणाल्या. "जशी काही गाडी सुटून राहिली, असं खाते."

"तूप?"

"वाटीभर. मीच वाढतो," तुळशीरामने कबुली दिली.

"जेवून लगेच झोपले?"

"घोरून राहिले होते," उर्वशी म्हणाली.

"आणि स्पर्धेचं टेन्शन?"

"रातभर कूस बदलते हो!"

"मग?" वैभवने विजयाने हात पसरले. "आता कारण कळलं ना सगळ्यांले?"

"कळलं ना," पंचफुलाबाई म्हणाल्या. "सौसरवाल्यायची नजर."

वैभवने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "मामीजी, पाच रोडगे! दोनदा पाच रोडगे खाल्ले, दोनदा पोट बिघडलं. याचा अर्थ काय?"

पंचफुलाबाईंच्या चेहऱ्यावर रागाऐवजी करुणा होती. शिकलेल्या माणसाकडून अशी चूक व्हावी याची ती करुणा होती.

"जावईबापू, थो परसाद हाय. परसाद कधी बाधते काय?"

हे एक गृहीतक होते आणि त्या घरात ते सिद्ध करण्याची गरज कोणाला कधी भासली नव्हती. प्रसाद बाधत नाही. यशवंतरावांना बाधले आहे. तेव्हा बाधले ते दुसरे काही. त्या दुसऱ्या कशाचा शोध ओसरीत मोठ्या उत्साहाने सुरू झाला. वांग्यावर संशय गेला. मग बुधवारच्या मुळ्यावर. मग एका टाळकऱ्याने नव्या हँडपंपाचे पाणी जड असल्याचे सांगितले आणि दुसऱ्याने ते पाणी हलके असल्याचे, दोन्ही तितक्याच ठामपणे. रोडगा तेवढा निर्दोष सुटला.

"बरं, मग आता नवस नका बोलू," वैभव म्हणाला. "तीन-चार दिवस पातळ वरण-भात द्या. आपोआप बरं होईन."

तुळशीरामने खाकरून घसा साफ केला. "बोललो हाय."

"काय?"

"काल बोललो. मंडळाकून. भाऊचं पोट सुदं होऊ दे, पांढुर्ण्याले जाता जाता रोडगे देतो."

"जाता जाता? म्हणजे स्पर्धेच्या दिवशी?"

"रस्त्यातच त हाय जामसांवली! देवाच्या दारावून तोंड लपवून जाऊ काय?"

"येता येता द्या ना!"

"येता येता बोललो असतो त बात वेगळी होती," तुळशीराम खिन्नपणे म्हणाला. "तवा सुचलं नाई."

वैभवने शेवटचा प्रयत्न केला. "रोडग्यांऐवजी मुगाची खिचडी चालन?"

पंचफुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मारोतीले खिचडी? थो काय बिमार हाय?"

*

पातळ वरण-भातावर यशवंतरावांचे पोट गुरुवारी बरे झाले. श्रेय कोणाला गेले हे सांगण्याची आवश्यकता नाही. शनिवारी सकाळी मंडळाचा टेम्पो ढोलकी, टाळ, गोवऱ्यांचे पोते आणि पिठाचा डबा घेऊन निघाला. मागून मोटारसायकलवर वैभव आणि उर्वशी.

वैभवने रात्रभर विचार केला होता. नियमांत पाच रोडग्यांचा उल्लेख होता, ताट रिकामे होण्याचा उल्लेख होता. ते कोणाच्या पोटात जावेत याविषयी नियम मौन बाळगून होते. आडात पडलेल्या माणसाला वर काढताना आपण स्वतः आत उतरावे लागते, एवढी तयारी त्याने मनाशी केली. सकाळी त्याने न्याहारी टाळली.

पंगत झाडाखाली बसली. यशवंतरावांच्या डाव्या हाताला तुळशीराम, उजव्या हाताला जावई. यशवंतरावांच्या पानात पाच रोडगे पडले. जावयाच्या पानात तीन, कारण जावयाला दोन वाढणे हा अपमान मानला जातो.

यशवंतरावांनी पहिला रोडगा संपवला आणि ते डावीकडे वळून तुळशीरामला विचारू लागले, "गजर आधी घ्याचा का अंतरा?" त्याच वेळी पंचफुलाबाई तुपाचे भांडे घेऊन पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडे वळल्या. वैभवचा हात सापाच्या चपळाईने सासऱ्यांच्या पानात गेला आणि रोडगा घेऊन परतला. चावणे आवश्यक आहे हे तो जाणत होता. चावायला वेळ नव्हता.

यशवंतराव सरळ झाले, पानाकडे पाहिले, पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा डावीकडे वळले. "ढोलकी जरा दाबून वाजव बरं." दुसरा रोडगा गेला. मग टेम्पोच्या टायरविषयी काही बोलणे निघाले. तिसरा गेला. मग आभाळाविषयी. चौथा जाताना वैभवच्या कानांत काहीतरी वाजले.

"झालं ताट!" पंचफुलाबाई आनंदाने ओरडल्या. "पाह्या, पाचही संपवले! जावईबापू, तुमचे त अजून तसेच हायेत. काऊन, आवडले नाई?"

वैभवने सासूबाईंकडे पाहिले, आणि स्वतःच्या पानातले तीन रोडगेही खाल्ले.

*

पांढुर्ण्याच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. ढाल मंचावर लाल कापडावर ठेवली होती. सौसरचे मंडळ आधी झाले, आणि ते उत्तम झाले. त्यांच्या गायकाने शेवटी खंजिरी डोक्यावर फिरवून सम गाठली, तेव्हा परीक्षकांपैकी एकाने न राहवून मान डोलावली. रामाकोन्याचे नाव शेवटी पुकारले गेले.

वैभव परीक्षकांच्या मागच्या रांगेत, उर्वशीशेजारी बसला होता. बसला होता असे म्हणणे थोडे ढोबळ आहे. पोट मांडीवर ठेवून तो त्याच्यामागे टेकला होता.

"अहो, तुमचा चेहरा असा का झाला?"

"बोलू नको. हलू पण नको."

यशवंतरावांनी खंजिरीवर थाप मारली. पहिले कडवे स्वच्छ गेले. धृपद स्वच्छ गेले. मंडप डोलू लागला. मग अंतरा चढू लागला. तुळशीरामची नजर यशवंतरावांच्या गळ्यावर खिळली, पंचफुलाबाईंचे ओठ हलू लागले, टाळकऱ्यांनी श्वास रोखले. तो स्वर आला. तो लागला, टिकला, आणखी टिकला, मंडपाच्या कापडाला भिडला, आणि यशवंतरावांनी तो असा अलगद तोडला की सगळा मंडप क्षणभर निःशब्द झाला.

त्या निःशब्दतेत वैभवला ढेकर आला.

असा ढेकर पांढुर्ण्यात त्यापूर्वी ऐकिवात नव्हता. पुढच्या रांगेतल्या परीक्षकाची टोपी हलली, ती मात्र दचकल्यामुळे. सौसरच्या बाजूला हशा पिकला. कोणीतरी ओरडले, "अरे, साथीले कोन हाय!" यशवंतरावांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. त्याच क्षणी त्यांची खंजिरीवर थाप पडली, तुळशीरामने ती उचलली, आणि गजर असा उसळला की हसणारेही टाळ्यांनी ठेका धरू लागले. निकालाच्या वेळी सौसरच्या एका कार्यकर्त्याने त्या आवाजाचा मुद्दा काढून पाहिला. परंतु ढेकर प्रेक्षकांतून आला होता, आणि नियमावलीत प्रेक्षकांच्या ढेकरांविषयी तरतूद नव्हती.

ढालीवर पहिले नाव रामाकोन्याचे कोरले जाणार, हे जाहीर झाले.

परतताना वैभवला टेम्पोत गादीवर निजवले होते. त्याच्या उशाशी यशवंतराव ढाल मांडीवर घेऊन बसले होते आणि नाव कुठे येईल ती जागा बोटाने पुसत होते. वर विश्लेषण चालू होते.

"यायनं पाच खाल्ले," पंचफुलाबाई बोटांवर मोजत म्हणाल्या, "यायचा आवाज कसा लागला! जावईबापूनं तीनच खाल्ले, त त्यायले झालं. आता सांगा, रोडगा बाधते काय?"

"बिलकुल नाई," तुळशीराम म्हणाला. "भाऊनं पाच खाल्ले म्या सोता पाह्यले."

"कालेजातलं पाणी असन."

"नाईत नजर."

माहिती लपवू नये, हे वैभव दरवर्षी पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना सांगत असे. त्याच्याकडे चार रोडग्यांची माहिती होती. ती सांगितली असती, तर तुळशीरामचा नवस फिटला नव्हता असे झाले असते, आणि मग मांडीवरच्या त्या ढालीवर सगळ्यांना संशय आला असता. त्याने सासऱ्यांच्या बोटाकडे पाहिले. ते अजून पितळ पुसत होते. वैभवने माहिती रोडग्यांबरोबर पोटातच ठेवली आणि कूस बदलली.

"जावईबापू, फिकर करू नका," पंचफुलाबाई त्याच्या पोटाकडे पाहत प्रेमाने म्हणाल्या. "म्या मारोतीले बोलली हाय. येत्या शनिवारी."

*

वैभवचे पोट मंगळवारी बरे झाले. शनिवारी तो जामसांवलीच्या त्याच झाडाखाली बसला होता आणि त्याच्यासमोर पाच रोडगे होते. नवस आता त्याच्या पोटासाठी होता. डावीकडे यशवंतराव, उजवीकडे उर्वशी, पलीकडे तुळशीराम. जिल्हा जिंकल्यामुळे मंडळ आता विभागाच्या स्पर्धेला जाणार होते आणि ती दुसऱ्याच दिवशी होती, त्यामुळे सासऱ्यांच्या पानात एकच रोडगा वाढलेला होता.

"जावईबापू," यशवंतराव पानावरून मान न उचलता पुटपुटले. "एक इकडे सरकवा."

वैभवचा घास हातातच राहिला. "मामाजी? तुम्हाले..."

"मंग? त्या दिवशी चार खेपा तोंड फिरवलं म्या. त्या तुळशीरामाशी बोलाले का होतं मले? टायरचं बोललो, आभायाचं बोललो. अजून एक रोडगा असता त बोलाले काही उरलं नसतं."

"पण उद्या तुमची स्पर्धा आहे!"

"म्हून त एकच म्हणून राहिलो. एक उर्वशीले द्या. एक तुळशीरामाले. दोन तुमी खा, अन् चावून खा. तुमीच सांगतलं होतं ना, थोडं थोडं खावं म्हून?"

उर्वशीने समोर पाहतच स्वतःचे पान नवऱ्याच्या पानाला टेकवले. अजीर्ण टाळण्याचा हा उपाय शास्त्रशुद्ध होता, यात शंका नव्हती. अडचण एकच होती. पंचफुलाबाई तुपाचे भांडे घेऊन अगदी समोर उभ्या होत्या आणि जावयाच्या पानाकडे पाहत होत्या.

वैभवने मान वर केली. दोघांची नजरानजर झाली. पंचफुलाबाईंनी पदर सावरला, "अगं बाई, तिकडे तूप वाढाचं राह्यलं," असे मोठ्याने म्हटले, आणि त्या पाठ फिरवून पंगतीच्या पार टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. तिथे त्या बराच वेळ वाकून उभ्या होत्या.

त्या टोकाला कोणीही बसलेले नव्हते.